मालमोटारीचा अपघात आणि भरपाईचा हक्क

पद्मनाभपुर ही दुर्ग शहरातील एक वसाहत. भिलाईचा पोलाद कारखाना येथून जवळच आहे. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि या भागाचे रूप पालटले. कारखान्याबरोबर मालाची वाहतूक आली, आणि वाहतुकीबरोबर अवजड मालमोटारी, म्हणजे ट्रक आले. रायपूरहून भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, भंडारा या मार्गाने नागपूरकडे जाणारा महामार्ग हा येथील मराठी कुटुंबांचाही नित्याचा रस्ता आहे. दुर्ग जिल्हा 1956 पर्यंत नागपूर ज्याची राजधानी होती अशा राज्यात होता. तेव्हापासूनचे नातेसंबंध अजून टिकून आहेत.

अशा रस्त्यावर भरलेली मालमोटार आणि एखादी दुचाकी यांची टक्कर झाली, तर ती बरोबरीची नसते. दुर्दैव असे की, अपघातानंतरचा सामनाही बहुधा बरोबरीचा नसतो. वाहनमालकाच्या आणि विमा कंपनीच्या पाठीशी अनुभवी वकील असतात. घरचा कर्ता गमावलेल्या कुटुंबाला मात्र प्रथम कोठे जावे हेही ठाऊक नसते. ही विषमता कमी करावी, हाच भरपाईच्या कायद्याचा हेतू आहे.

1855 च्या कायद्याने अपघातात मृत्यू पावलेल्या माणसाच्या आप्तांना भरपाई मागण्याचा हक्क दिला. परंतु त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागे. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थांच्या हानीसाठी वाहनाचा विमा सक्तीचा केला, आणि 1956 च्या दुरुस्तीने स्वतंत्र दावा न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद केली. आज 1988 चा कायदा लागू आहे.

या कायद्याच्या 166 व्या कलमाखाली जखमी व्यक्ती किंवा मृताचे वारस अर्ज करू शकतात. अपघात जेथे घडला तेथेच धाव घ्यावी, असे बंधन त्यांच्यावर नाही. अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणापुढेही अर्ज चालतो. म्हणजे पद्मनाभपुरच्या रहिवाशाला भंडाऱ्याजवळ अपघात झाला, तरी त्याला दुर्ग येथे दाद मागता येते. दूरच्या गावी तारखांना खेटे घालणे ज्यांना परवडत नाही, त्यांना ही सवलत फार मोलाची आहे.

चालकाचा निष्काळजीपणा येथे दाखवावा लागतो. पण फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. कोणती बाजू अधिक संभवनीय, एवढेच न्यायाधिकरण पाहते. म्हणून चालक फौजदारी न्यायालयातून निर्दोष सुटला, तरी भरपाईचा अर्ज आपोआप निकालात निघत नाही. चालकाकडे वैध परवाना नव्हता, असे विमा कंपनीने सिद्ध केले तरीही, न्यायाधिकरण पुष्कळदा तिला आधी पीडिताचे पैसे देऊन मग ते मालकाकडून वसूल करण्यास सांगते.

रक्कम ठरते ती दयेने नव्हे, हिशेबाने. सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 साली त्याची सूत्रे घालून दिली. समजा, 38 वर्षांचा कायम नोकरीतील कामगार दरमहा 20,000 रुपये मिळवीत होता, आणि त्याच्यावर पत्नी, दोन मुले व आई अवलंबून होती. भावी वाढीसाठी निम्मी रक्कम मिळवून 30,000 होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा केला की 22,500 उरतात. वर्षाचे 2,70,000 झाले. त्या वयासाठीचा गुणक 15. म्हणून आश्रितांची हानी 40,50,000 रुपये ठरते. पतीपत्नीच्या सहवासाची हानी आणि अंत्यविधीचा खर्च यांची रक्कम त्यात आणखी मिळते. गृहिणी दगावली, तर तिच्या घरकामाचेही मूल्य धरले जाते. तिला पगार नव्हता, हे उत्तर न्यायालये मानीत नाहीत.

दोष सिद्ध न करता 164 व्या कलमाखाली मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. तथापि, विमा कंपनीकडून ही रक्कम स्वीकारली की 166 व्या कलमाखालील अर्ज संपुष्टात येतो. वरच्या हिशेबाशी ताडून पाहिले, म्हणजे घाईने सही करण्यातला धोका ध्यानात येतो. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूसाठी 2 लाख व गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपयांची योजना आहे. तिचा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो.

त्याच तारखेपासून 166 व्या कलमाच्या अर्जास सहा महिन्यांची मुदत पुन्हा लागू झाली आहे. या मुदतीविषयी वाद उपस्थित झाला असला, तरी त्याच्या भरवशावर कोणी थांबू नये. पोलिसांची प्रथम खबर, पंचनामा, वाहनाचा क्रमांक, विम्याचा तपशील, इस्पितळाचे कागद, औषधांची बिले आणि उत्पन्नाचा दाखला पहिल्या काही आठवड्यांतच गोळा करावा. साक्षीदार पांगतात, रस्त्यावरच्या खुणा पुसल्या जातात. कागद तेवढे टिकतात.

अनेक घरांत मात्र अडचण कागदांची नसते, मनाची असते. माणसाच्या जिवाचे पैसे कसे घ्यावेत, या संकोचाने कित्येक विधवा आणि वृद्ध आईबाप गप्प बसतात. पण कायदा जिवाची किंमत करीत नाही; तशी ती करताही येत नाही. कर्त्या माणसाने मुलांच्या शिक्षणासाठी आणि आईच्या औषधासाठी जे आणले असते, ते कोणाच्या तरी बेपर्वाईमुळे थांबले. ते त्यांच्यापर्यंत पोहोचते करावे, इतकेच कायदा सांगतो. ते मागण्यात कमीपणा नाही. गेलेल्या माणसाने उचललेली जबाबदारी पुढे चालू ठेवण्याचाच तो एक मार्ग आहे.