गाडीचं हेड तडकतं तेव्हा

घावणे घालून झाले की कडकडीत तापलेल्या भिड्यावर आपण कधी गार पाण्याचा तांब्या ओतत नाही. भिडं बिडाचं असतं, तडकतं. हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलेलं नाही, सासूनं नाहीतर आईनं एकदा ओरडून सांगितलेलं असतं. आज मला बोलायचं आहे ते इंजिनाच्या अशाच एका भिड्याबद्दल.

आंबा, काजू, फणस, पापड-कुरडया असा गटाचा माल जुन्या पिकअपमधून बाहेर जातो. गाडी कधी गटाची असते, कधी घरातल्याच कुणाची. इंजिनाचं सगळं ड्रायव्हर बघतो, पण बिल आलं की ते आपल्यापुढे येतं. मेकॅनिक म्हणतो, "ताई, हेड क्रॅक झालंय," आणि आपण माना डोलावतो. आमच्या गटानेही तशीच मान डोलावली होती. वैशाखात पेट्या भरून गाडी साखरप्यावरून आंबा घाटाने कोल्हापूरला निघाली. चढावर काटा वर गेला. पेट्या वेळेत पोचायला हव्यात म्हणून ड्रायव्हरने घाईघाईने कॅनमधलं गार पाणी ओतलं आणि गाडी तशीच पुढे दामटली. पेट्या पोचल्या. गाडी मात्र टोचन करून परत आणावी लागली. त्याला आम्ही काही बोललो नाही. सकाळपासून चार वेळा फोन करून घाई आम्हीच लावली होती.

हेड म्हणजे काय ते आधी बघू. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, त्याला पातेलं समजा. त्यावरचं जाड झाकण म्हणजे हेड. दोघांच्या मध्ये गॅस्केट नावाचा पातळ पत्रा असतो. डिझेल गाडीत हवा इतकी दाबली जाते की त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं, त्यामुळे झाकणावर जबर दाब येतो. झाकणाच्या आत पाणी फिरायला वाटा असतात. पाणी तिथली उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जातं आणि निवून परत येतं. हेडमध्ये एका व्हॉल्व्हमधून ताजी हवा आत येते आणि शेजारच्या व्हॉल्व्हमधून जळका धूर बाहेर जातो. दोघांच्या मधली भिंत अरुंद, एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला रखरखीत. तडा बहुतेक वेळा तिथेच जातो.

काही गाड्यांचं हेड बिडाचं असतं, काहींचं अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट फुगतं. खाली ब्लॉक बिडाचा आणि वर हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर गाडी फार तापल्यावर हेड वाकडंही होतं आणि गॅस्केट उडते.

मग घाटात गाडी तापली तर काय करायचं? बाजूला घ्यायची, माल कितीही नाजूक असला तरी. पाणी असेल तर इंजिन एक-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, पंखा फिरतो, पाणी खेळतं. पाणी संपलं असेल किंवा पाइप फुटला असेल तर लगेच बंद. रेडिएटरचं झाकण निदान अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. झाकण हाताला कोमट लागलं की मग उघडायचं, इंजिन चालू करायचं आणि पाणी थोडं थोडं ओतायचं.

काट्याची एक गंमत आहे, आणि ती महागात पडते. काट्याला तापमान कळतं ते त्याच्या सेन्सरभोवती पाणी असतं म्हणून. पाणीच संपलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. ड्रायव्हरला वाटतं, गाडी निवली. वर गेलेला काटा गाडी न थांबता एकदम खाली आला तर जास्त घाबरायचं.

आता खुणा. बाहेर कुठे थेंब नाही, तरी दर दोन दिवसांनी पाणी कमी होतं. गाडी चांगली गरम झाली तरी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतच राहतो. ऑइलची पट्टी काढून बघितली तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. थंड गाडीचं रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं तर पाण्यात सारखे बुडबुडे येतात. आपल्या पावसाळ्यात सकाळी थोडा पांढरा धूर किंवा ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर लगेच छाती धडधडायला नको, ती नुसती दमटही असू शकते. पट्टीवरचं ऑइल मात्र दुधाळ असेल तर गाडी पुढे चालवू नका. पाणी मिसळलेलं ऑइल वंगण राहत नाही, बेअरिंग जातात आणि हेडचं काम पूर्ण इंजिनावर जातं.

आणि आता महत्त्वाचं. गॅस्केट उडाली, हेड तडकलं किंवा ब्लॉक तडकला, तिन्हीच्या खुणा जवळजवळ सारख्याच असतात. हेड उतरवून तपासल्याशिवाय नेमकं कळत नाही. म्हणून हेड उघडण्याआधीच कुणी "नवीन हेड लागेल" म्हणून आगाऊ रक्कम मागितली तर द्यायची नाही. आधी फक्त हेड उतरवण्याची मजुरी ठरवा. उतरवलेलं हेड लेथवाल्याकडे जातं. तिथे सरळ पट्टी ठेवून ते वाकलंय का बघतात, केसाच्या जाडीइतका फरकही पुरतो. मग पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरतात आणि हेड पाण्यात बुडवतात. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर जसं शोधतात तसंच, बुडबुडे आले तिथे तडा. लाल रंग लावून, पुसून, वर पांढरी पावडर फवारूनही तड्याची रेघ उमटवतात. ही तपासणी आपल्यापैकी दोघींनी समोर उभं राहून बघावी. कोल्हापूरला उद्यमनगरात अशी इंजिनाची कामं पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत, तिथे माल पोचवायला जाणाऱ्या गाडीबरोबर हेड पाठवता येतं.

हेड फक्त वाकलं असेल तर फेसिंग करून, नवी गॅस्केट टाकून काम भागतं. अ‍ॅल्युमिनियमचा तडा आर्गन वेल्डिंगने भरता येतो. बिडाचं वेल्डिंग अवघड, अख्खं हेड आधी तापवून, नंतर हळूहळू निववावं लागतं, नाहीतर शेजारीच नवा तडा जातो. माझं मत विचाराल तर व्हॉल्व्हच्या मधला आरपार तडा वेल्डिंग करून घाटात माल न्यायचा धोका घेऊ नये. जुन्या बाजारातलं हेड स्वस्त पडतं, पण तेही आधी पाण्यात बुडवून बघा. कुणाच्या तरी तापलेल्या गाडीचंच असायचं! रेडिएटरमध्ये हळद टाकायची ड्रायव्हर लोकांची जुनी युक्ती आहे. रेडिएटरच्या बारीक छिद्राला ती घटकाभर चालते, हेडच्या तड्याला नाही. उलट चोथा अडकून पाणी फिरेनासं होतं.

हेड बसवताना बोल्ट टॉर्क पान्यानेच, मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळायला सांगा. आणि गाडी तापली का, ते शोधल्याशिवाय ती ताब्यात घेऊ नका. वॉटर पंप, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट, चोंदलेला रेडिएटर, यातलं काहीतरी असतंच. ते राहिलं तर नवं हेडही पुढच्या हंगामात जाईल. विम्यावर भिस्त ठेवू नका, साध्या वाहन विम्यात असा यांत्रिक बिघाड भरून मिळत नाही.

शेवटचं, विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट भरा. ते आत गंज धरू देत नाही आणि उशिरा उकळतं. पण उरलेल्या कूलंटचा डबा पडवीत ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. पोरं आणि कुत्री-मांजरं पोचणार नाहीत अशा उंच जागी, झाकण घट्ट लावून ठेवा.