पांडाची बत्तीशी? नव्हे, बेचाळिशी!

मित्रहो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

गेल्या सेमिस्टरला घरून आलेली चिक्की खाताना माझ्या दाढेचा टवका उडाला. डेंटिस्ट म्हणाले, "बाळा, इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही." कारण ते बनवणाऱ्या पेशी दात उगवल्यावर उरतच नाहीत. त्या रात्री गाल धरून कॉमन रूममध्ये बसले होते, आणि टीव्हीवर एक पांडा आपण ऊस खातो तसा कडाकड बांबू फोडत होता! याची दाढ कशी तुटत नाही?

पांडा हा खरं तर अस्वलाच्या कुळातला, म्हणजे मांसाहारी गणातला प्राणी. पण त्याच्या जेवणात जवळजवळ ९९ टक्के बांबूच असतो. आतडी मात्र मांसाहाऱ्याचीच, आखूड. त्यामुळे खाल्लेल्यापैकी जेमतेम पाचवा हिस्सा पचतो. मग काय, दिवसाला १२ ते ३८ किलो बांबू आणि दहा-बारा तास नुसतं चावणं! म्हणजे सगळा लोड दातांवर.

मांजर, कुत्रा यांच्या दाढा कात्रीसारख्या धारदार असतात, मांस कापायला. पांडाच्या ४० ते ४२ दातांपैकी दाढा आणि उपदाढा मात्र रुंद, चपट्या आणि वर बारीक उंचवटे असलेल्या. म्हणजे कात्री जाऊन खलबत्ता आला! आधी दातांनी वरची हिरवी साल सोलायची, मग कांडं दाढेखाली घेऊन चुरडायचं. त्यासाठी जबड्याचे स्नायू प्रचंड. ते मावावेत म्हणून गालाची हाडं बाहेर आलेली आणि कवटीवर हाडाचा उंच कणा. तो गोंडस गोल चेहरा म्हणजे मोठी मशिनरी आहे!

आता मटेरियल सायन्सवाल्यांनी लक्ष द्या. चीन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की पांडाच्या इनॅमलवर दाबून खड्डा पाडला, तर तो काही वेळाने अंशतः आपोआप भरून येतो. इनॅमलमधल्या खनिजाच्या तंतूंमध्ये सेंद्रिय पदार्थाचा पातळ थर असतो. पाण्याने तो मऊ पडून फुगतो आणि सरकलेले तंतू पुन्हा जागेवर येऊ लागतात. दात कोरडा असेल तर हे फारसं जमत नाही. म्हणजे तोंडातली लाळसुद्धा कामाची!

पण ही जादू मायक्रॉनच्या हिशेबातली. मोठी भेग पडली तर ती सांधत नाही, आणि तिसऱ्यांदा दात पांडालाही येत नाहीत. म्हाताऱ्या पांडाच्या दाढा झिजून सपाट झाल्या की समोर बांबूचं रान असूनही त्याला पोटभर खाता येत नाही.

तेव्हा रात्री दोन वाजता मॅगी खाऊन तसेच झोपणाऱ्यांनो, आपल्याकडे तर ती मायक्रॉनची जादूही धरून चालू नका. उठा, ब्रश करा. माझ्या दाढेवर आता कॅप आहे. अनुभवाचे बोल आहेत!