‘आमच्या घरात तर कोणालाच नव्हता!’ – स्तनाचा कर्करोग का होतो?

हळदीकुंकू असो की दिवाळीचा फराळ, चारचौघी जमल्या की कोणाच्या तरी आजारपणाचा विषय निघतोच. स्तनाच्या कर्करोगाचे नाव मात्र अजूनही आवाज खाली करून घेतले जाते. पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, “अगं, पण त्यांच्या घरात तर कोणालाच नव्हता, मग हिला कसा झाला?” या प्रश्नामागे एक समजूत आहे: हा रोग घराण्यातून येतो, तेव्हा ज्यांच्या घराण्यात तो नाही त्यांनी निश्चिंत राहावे. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी गाठ दाखवायला उशीर होतो. म्हणून या रोगामागची कारणे येथे साध्या शब्दांत मांडत आहोत.

घराण्यातून येते ते किती?

आपल्या पेशी सतत विभागत असतात. विभागताना जनुकांमध्ये चुका होतात आणि शरीर त्या बहुतेक वेळा दुरुस्त करते. दुरुस्त न झालेल्या चुका साठत गेल्या की एखादी पेशी बेबंद वाढू लागते. तोच कर्करोग.

ही दुरुस्ती करणाऱ्या जनुकांपैकी दोन म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. अमेरिकेतील शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये पहिल्या जनुकाची जागा १७ व्या गुणसूत्रावर दाखवून दिली. १९९४ मध्ये ते जनुक हाती लागले आणि पुढच्याच वर्षी दुसरे. ही जनुके आपणा सर्वांमध्ये असतात, पण एखादीला ती जन्मतःच बिघडलेली मिळाली, तर आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ६० ते ७० टक्क्यांपर्यंत जाते.

मात्र असा वारसा शंभर रुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणींमध्येच आढळतो. बाकीच्या नव्वदेक जणींचा रोग आनुवंशिक नसतो. घरात कोणालाही नसताना हा रोग होणे हेच अधिक सामान्य आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास विसरली जाते. बिघडलेले जनुक वडिलांकडूनही तितकेच येऊ शकते. म्हणून आई-मावशीइतकीच आत्या आणि वडिलांची आई यांचीही चौकशी करायला हवी. जवळच्या नात्यात पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग, बीजकोशाचा कर्करोग किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

हॉर्मोनचा वाटा

१८९६ मध्ये ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी लिहून ठेवले की, बीजकोश काढल्यावर स्तनातील वाढलेला कर्करोग ओसरू लागला. पुढे कळले की, बीजकोशातून स्रवणारे इस्ट्रोजेन स्तनाच्या पेशींना दर महिन्याला वाढीचा इशारा देते. असे महिने जितके जास्त, तितकी चुकांची संधी जास्त. त्यामुळे पाळी लवकर सुरू होणे, उशिरा जाणे, मूल न होणे किंवा पहिले मूल तिशीनंतर होणे, यांमुळे धोका थोडा वाढतो. अंगावर पाजल्याने तो कमी होतो. ३० देशांतील अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो.

याचा अर्थ मूल नसलेल्या किंवा उशिरा लग्न केलेल्या बाईकडे बोट दाखवावे असा मुळीच नाही. हे हजारो स्त्रियांच्या सरासरीचे आकडे आहेत. त्यावरून एकीचा दोष ठरत नाही.

पाळी गेल्यावर शरीरातील चरबी इस्ट्रोजेन तयार करते, म्हणून त्या वयातले वाढते वजन धोक्याचे. पाळी जातानाच्या त्रासासाठी घेतल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिनच्या एकत्रित गोळ्याही वर्षानुवर्षे घेतल्यास धोका वाढवतात. त्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत.

परिस्थिती आणि राहणी

जपानमध्ये हा रोग पूर्वी कमी होता. तेथून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत पिढी-दोन पिढ्यांत त्याचे प्रमाण वाढले. जनुके तीच होती, राहणी बदलली. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील बार्शी. तेथील ग्रामीण भागाच्या कर्करोग नोंदींत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी दिसते. शहरात लग्ने उशिरा होतात, मुले कमी असतात, हालचाल घटते आणि वजन वाढते.

मद्य थोडे घेतले तरी धोका वाढतो. लहान वयात मोठ्या प्रमाणात किरणोत्सर्ग झाल्यास काय होते, हे हिरोशिमा-नागासाकीच्या मुलींमध्ये पुढे दिसून आले. मॅमोग्राफीतले किरण मात्र अगदी अल्प असतात. त्या भीतीने तपासणी टाळू नये. घट्ट आतले कपडे, लागलेला मार, दृष्ट किंवा रुग्णाचा स्पर्श यांमुळे हा रोग होत नाही.

मग करायचे काय?

ही सगळी कारणे एकमेकांत मिसळून काम करतात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जवळजवळ निम्म्या रुग्णांत स्त्री असणे आणि चाळिशी ओलांडलेली असणे याखेरीज ठळक कारणच सापडत नाही. म्हणून ‘मी काय चूक केली?’ हा प्रश्न रुग्णाने स्वतःला विचारू नये आणि आपणही तिला विचारू नये.

स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेला खळी, आत ओढले गेलेले बोंड, त्यातून रक्तासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसले तर लगेच डॉक्टरांकडे जावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ हे घातक ठरते. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली, तरी पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सरकारी कार्यक्रमातही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी अशी तपासणी आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुलवृत्तांत आहे. मूळ गाव, गोत्र, दहा पिढ्यांची नावे त्यात सापडतात. पण आजी कशाने गेली, असे विचारले तर ‘छातीला काहीतरी झाले होते’ एवढेच उत्तर मिळते. यंदा घरातली वडीलधारी मंडळी एकत्र येतील तेव्हा हा प्रश्न न लाजता विचारूया आणि उत्तर लिहून ठेवूया. उत्तर ‘कोणालाच नव्हता’ असे आले, तरी तपासणी चुकवू नका.