टाकीतला पंप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या राळेगावात नुसतं ‘पंप’ म्हटलं की माणसाला तीन गोष्टी आठवतात. विहिरीवरची मोटार, पाठीवरचा फवारणीचा पंप आणि पेट्रोल भरायची जागा. चौथाही एक पंप असतो. तो मोटारगाडीच्या टाकीत, पेट्रोलमध्ये बुडून बसलेला असतो. तो कुणाला दिसत नाही, आणि बिघडेपर्यंत कुणाला आठवतही नाही. आज मी त्याच्याबद्दल बोलणार आहे, कारण जुनी गाडी घेऊन तिची ताकद वाढवून घेणारी पोरं आता तालुक्याच्या गावातही दिसू लागली आहेत. त्यातलं एक माझ्याच घरात निघालं.

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. माझ्या भाच्यानं वीस वर्षांची जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली होती. कारखान्यातून निघाली तेव्हा ती १५० अश्वशक्तीची होती. यानं तिच्या संगणकाची जुळवणी बदलून घेतली आणि ती २०० ची झाली. टाकीतला पंप मात्र जुनाच राहिला. नागपूरहून येताना, वर्धा नदी ओलांडल्यावर वडकीच्या अलीकडे तो एका ट्रेलरला मागे टाकत होता. ट्रेलरच्या बरोबरीत आला, पाय पूर्ण दाबला आणि गाडीनं दम सोडला. डावीकडे ट्रेलर, मागे डिपर देणारी बस. कसाबसा कडेला आला. घरी आल्यावर मला म्हणतो, “मामा, पंप कमजोर झाला. मोठा टाकून देऊ.”

मी म्हटलं, “अबे, आधी मोजू तर दे.”

मी आयुष्यभर मोटार मेकॅनिकचा धंदा केला. सुरुवात अँबेसिडर आणि प्रीमियर पद्मिनीवर झाली. त्या गाड्यांचा पंप इंजिनाला चिकटलेला असायचा, आत रबरी पडदा, आणि कार्ब्युरेटरला जेमतेम पाव बारचा दाब पुरायचा. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात त्या पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी रस्त्यात बंद. मग ड्रायव्हर ओला फडका पंपावर गुंडाळून बिडी ओढत बसायचा. (बिडी ओढायला नको होती, पण ओढायचे.) इंजेक्शनच्या गाड्या आल्या तसा पंप टाकीत गेला. तो पेट्रोल ओढत नाही, मागून ढकलतो, आणि तेही सुमारे ३ बार दाबानं. त्यामुळे फडक्याचे दिवस संपले. पण तीन बार म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारापट. पंपात दोष आला तर इंजिन नुसतं बंद पडत नाही, जळतं.

ते कसं, सांगतो. टर्बो गाडी पूर्ण जोरात असते तेव्हा सिलिंडरमध्ये जाणारं पेट्रोल जळतं, तसं आतला ताप खालीही आणतं. हवा भरपूर आली आणि पेट्रोल कमी पडलं की आतलं तापमान चढतं, मिश्रण वेळेआधी भडकतं आणि पिस्टनला हातोडे बसल्यासारखे धक्के बसतात. भाच्याच्या गाडीचे प्लग काढले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर अॅल्युमिनियमचे बारीक ठिपके होते. प्लगमध्ये अॅल्युमिनियम असं उघडं नसतं. ते पिस्टनचं होतं. नागपुरात इंजिन उघडलं तर पिस्टनची एक कड उडालेली. आणखी दोन ट्रेलर मागे टाकले असते तर भोकच पडलं असतं.

आता पंप कोणता घ्यायचा? इथं शेतकऱ्याला फार शिकवावं लागत नाही. बोअरवेलची मोटार घेताना तुम्ही दुकानदाराला काय विचारता? किती फुटांवरून किती पाणी? मोटार तीच, पण शंभर फुटांवर ती जेवढं फेकते तेवढं दोनशे फुटांवर फेकत नाही. पेट्रोलच्या पंपाचंही तेच. दाब वाढला की फेक कमी होते. बाजारात ताशी २५५ लिटरचा पंप फार प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या वॉलब्रोनं तो आकडा गाजवला, आणि गाजला म्हणून त्याच्या नकलाही उदंड निघाल्या. पण २५५ लिटर किती दाबाला आणि किती व्होल्टवर, हे कळल्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे. भाच्याच्या गाडीला मूळ दाब ३ बार, वर टर्बोचा दाब १ बार, म्हणजे पूर्ण जोरात पंपाला ४ बारशी झगडावं लागणार. तेव्हा डब्यावरचा मोठा आकडा विसरायचा आणि तक्त्यात ४ बारसमोर काय लिहिलंय ते बघायचं. तक्ता नसेल तर तो पंप घ्यायचा नाही. विहिरीची मोटार आपण बिनतक्त्याची घेतो का?

गरज किती ते काढायला शाळेचं गणित पुरतं. टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरात एक अश्वशक्ती तासभर द्यायला साधारण ३०० ग्रॅम पेट्रोल धरावं. २०० अश्वशक्तीला ६० किलो झालं. लिटरचं वजन सुमारे ७४० ग्रॅम, म्हणजे ताशी ८१ लिटर. आता त्यात इथेनॉल मिसळा. २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल काही ठिकाणी सुरू झालं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून तेवढ्याच ताकदीला सातेक टक्के जास्त इंधन लागतं. ८१ चे ८७ झाले. पंप म्हातारा होतो, गाळणी तुंबते, म्हणून वर पाव हिस्सा राखीव. झाले ११० लिटर. ४ बारला ताशी ११० लिटर देणारा पंप, एवढीच आपली मागणी. पाचशे अश्वशक्तीच्या पंपाची गरज नाही. फार मोठा पंप जास्त करंट ओढतो, नको असलेलं पेट्रोल गरम करून टाकीत परत पाठवत राहतो, आणि दाब राखणाऱ्या झडपेला ते आवरलं नाही तर गाडी उभी असतानाच दाब चढतो.

मग आम्ही मोजायला बसलो. अंगण मोकळं, बॅटरीला चार्जर लावलेला, आग विझवायचं सिलिंडर हाताशी आणि शेजारच्या पोरांना फाटकाबाहेर काढलेलं. टाकीकडे परत जाणारी नळी काढून मापाच्या कॅनमध्ये सोडली. दाब राखणाऱ्या झडपेच्या वरच्या नळीला सायकलचा पंप लावून १ बार हवा भरली, म्हणजे इंजिन न चालवता ३ चे ४ बार झाले. पंधरा सेकंद पंप चालवायचा आणि आलेल्या मिलिलिटरला २४० नं गुणायचं, की तासाचा हिशोब मिळतो. जुन्या पंपानं २१० मिली दिलं, म्हणजे ताशी ५० लिटर. हवे होते ११०.

भाच्याचा चेहरा खुलला. “बघा मामा, म्हटलं होतं ना!” त्यानं एका मोठ्या शहरातून पंप मागवला. चमकदार डबा, त्यावर २५५ चा आकडा, तक्ता नाही, बिलही नाही. बसवला, मोजला, ३३० मिली. म्हणजे ७९ लिटर. २५५ कुठे आणि ७९ कुठे!

तेव्हा मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. पंप चालू असताना त्याच्या तोंडाशी व्होल्ट मोजले. बॅटरीवर १३, पंपाशी १०.२. वीस वर्षांची केसासारखी बारीक वायर, आणि टाकीच्या झाकणावरचा जोड हिरवा पडलेला. रात्री लाईन कमजोर आली की विहिरीची मोटार कशी कण्हते, ते सांगायला नको. बॅटरीपासून जाड वायर आणली, बॅटरीशेजारी फ्यूज घातला, मध्ये रिले बसवला. रिलेला हुकूम मात्र पंपाच्या जुन्या वायरचाच ठेवला. हे मुद्दाम सांगतो. काही ठिकाणी पंप थेट चावीवर जोडून देतात. इंजिन बंद पडलं की गाडीचा संगणक पंप बंद करतो. चावीवर जोडलेला पंप अपघात होऊन गाडी उलटली तरी तुटलेल्या नळीतून पेट्रोल फेकत राहतो. तशी जोडणी कुणी करून दिली असेल तर आजच काढून घ्या.

नव्या वायरीवर पंपाला १२.७ व्होल्ट मिळाले आणि त्यानं ५४० मिली दिलं. ताशी १३० लिटर. गरजेपेक्षा जास्त! भाचा म्हणाला, राहू द्या. मी काढायला लावला. ४ बारला पाटीच्या निम्मंच देतो, म्हणजे तो जो सांगतो तो नाही. आत काय आहे ते मला माहीत नाही, आणि तो भाच्याला घेऊन हायवेवर जाणार आहे. दुसरा पंप बिल आणि तक्त्यासह मागवला. तक्त्यात ४ बार, १२ व्होल्टला १५० लिटर. पार्सल यायला तीन आठवडे लागले. तोवर जुना पंप परत बसवून ठेवला.

नवा बसवायला टाकी उघडली तेव्हा माझीच चूक सापडली. चमकदार डब्यातल्या रबरी नळीचा तुकडा मी टाकीत वापरला होता. तीन आठवड्यांत तो फुगून जिलबीसारखा मऊ झाला होता. बाहेरून पेट्रोल नेणारी नळी वेगळी आणि पेट्रोलमध्ये बुडून राहणारी वेगळी. तिचं बाहेरचं अंगही पेट्रोल सहन करणारं लागतं. ही नळी फाटली असती तर पंप कितीही चांगला असता तरी दाब टाकीतच सुटला असता, आणि आम्ही पुन्हा पंपालाच शिव्या दिल्या असत्या. बुडणारी नळी आणली, गाळणी बदलली, पंप मोजला. ६१० मिली, ताशी १४६ लिटर. तक्ता खरा निघाला.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, की ज्यानं नोंदणीतला तपशील आणि कारखान्याचा मूळ तपशील जुळेनासा होईल. भाच्याला ते दोनदा वाचून दाखवलं. विमा कंपनीही अपघातानंतर हेच आधी बघते. पाऊण-एक टाकी ठेवून चालव, हेही सांगितलंय. विहिरीतल्या मोटारीला पाणी गार ठेवतं, तसं या पंपाला पेट्रोल. मे महिन्यात तळाला चार लिटर ठेवून फिरणारा स्वतःच पंप भाजून काढतो.

पार्सलची वाट बघताना एका संध्याकाळी मी जुना पंप नव्या वायरीवर मोजला होता. ३७० मिली, ताशी ८९ लिटर. मग मूळ १५० अश्वशक्तीचं गणित मांडलं. इथेनॉल आणि राखीव धरून गरज निघाली ८१ लिटर. वीस वर्षांच्या त्या पंपाला गाडी पेलत होती, फक्त वायर बदलायची होती. कागद भाच्याला दाखवला. त्यानं तो घडी करून खिशात ठेवला, आणि नागपूरला इंजिनवाल्याला फोन करून विचारलं, संगणकाची जुनी जुळवणी परत घालायला किती घ्याल?