दुरुस्तीची नोंद कोण ठेवणार?

महाडकरांना पुराचे अप्रूप नाही. सावित्री व गांधारी या नद्यांच्या काठी वसलेल्या या गावाने जुलै २००५ चा पूर अनुभवला होता. तरीही २२ जुलै २०२१ रोजी जे पाणी चढले त्याने जुन्याजाणत्यांचेही अंदाज चुकविले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. अशा मृत्यूंपुढे भांड्याकुंड्यांची गोष्ट काढणे काहींना क्षुद्र वाटेल. परंतु जे वाचले त्यांना लगेच चूल पेटवायची होती, आणि त्यासाठी चिखलात काय उरले आहे हे पाहणे भागच होते.

त्या पाहणीत घरातल्या वस्तूंची आपोआप प्रतवारी झाली. तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासताच पूर्ववत झाली. जुने सागवानी कपाट धुऊन सावलीत सावकाश वाळविले की दार थोडे घासण्यापलीकडे काही मागत नसे. भुशाच्या दाबीव फळ्यांचे नवे कपाट मात्र पाणी पिऊन फुगले ते कायमचेच. पंखा किंवा मिक्सर यांची मोटार उघडून, धुऊन, नीट वाळवून, प्रसंगी वाइंडिंग नव्याने भरून चालू करता येई. ज्या यंत्राचे कवच स्क्रूऐवजी डिंकाने चिकटविलेले, त्यापुढे कारागीर हात टेकी. किमतीचा आणि टिकाऊपणाचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसतो, हे इतक्या निष्ठुरपणे क्वचितच सिद्ध होते.

आमच्या घरचे शिवणयंत्र दोन दिवस गाळात होते. एकेक भाग सुटा करून रॉकेलने धुतला, तेल दिले, पट्टा नवा घातला. उशीच्या अभ्र्यावर पहिली शिवण सरळ पडली तेव्हा घरातील सगळे ती पाहावयास जमले. या समाधानात काटकसरीचा वाटा थोडाच असतो. वस्तू उघडली की ती कशी चालते हे कळते, आणि जे कळले त्यावर आपली खरी मालकी प्रस्थापित होते. विकत घेताना मिळते ती केवळ पावती.

आता अर्थशास्त्राकडे वळू. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाचा संकेत असा, की घरगुती वापराची टिकाऊ वस्तू खरेदी झाली त्याच वर्षी ती उपभोगिली गेली असे मानावयाचे. म्हणजे महाडच्या घरांतून जे वाहून गेले ते या हिशेबात आधीच संपलेले होते. पुराने उत्पन्नातून काही वजा झाले नाही. नवी खरेदी झाली ती मात्र अधिक धरली गेली. दुकानात केलेल्या दुरुस्तीची मजुरी तेवढी नोंदली जाते, तीही कारागिराने कोठे सांगितली तर. घरी स्वतःच्या हाताने केलेल्या दुरुस्तीला या हिशेबात स्थानच नाही. फुटलेली काच बदलल्याने समाज श्रीमंत होत नाही, हे बास्तिया या फ्रेंच लेखकाने १८५० मध्येच समजावून सांगितले होते. आपली आकडेमोड अजून ते शिकावयाची आहे.

हा केवळ पंडिती वाद नव्हे, कारण ज्याची नोंद नाही त्याला मदतही पोहोचत नाही. २०२१ च्या पुरानंतर राज्य शासनाने कुटुंबामागे १० हजार रुपये सानुग्रह अनुदान दिले. दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५० हजार, आणि टपरीधारकांना कमाल १० हजार अशी मदत जाहीर झाली. मदत आवश्यकच होती. पण १० हजारांत नवा संसार उभा राहत नाही. जुना दुरुस्त मात्र पुष्कळसा होऊ शकतो, जर दुरुस्त करणारा हाताशी असेल तर. आणि पुराच्या पाण्यात त्याचीही हत्यारे असतात. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून बंद पडलेला पंखा एस.टी.ने खाली आणावयाचा आणि दुकान बंद पाहून परत न्यावयाचा, यापेक्षा मुंबईच्या मुलाने नवा धाडावा हेच सोपे ठरते.

केंद्र शासनाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचे संकेतस्थळही सुरू केले. उत्पादकांनी सुटे भाग व माहिती द्यावी, हा त्यामागील आग्रह योग्यच आहे. पण सुटा भाग बसवावयास जाणता हात लागतो. केरळात २०१८ च्या महापुरानंतर तेथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन वायरिंग, नळ व उपकरणे दुरुस्त करून दिली. रायगडातही अशा संस्था आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या आणि गावातले अनुभवी कारागीर यांची यादी पावसाळ्यापूर्वी तहसील कचेरीत तयार असावी, कारागिराच्या बुडालेल्या हत्यारांची भरपाई पहिल्या आठवड्यात मिळावी, आणि पंचनाम्याच्या कागदावर 'नष्ट' या शब्दाशेजारी 'दुरुस्तीयोग्य' असा आणखी एक रकाना छापावा. त्याला येणारा खर्च शाईचाच आहे.