धुतलेले कपडेही पुरावा असतात : रक्त, वीर्य आणि सी.ए. रिपोर्टची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एका गावात अत्याचाराची बातमी कळताच आम्ही दोघी-तिघी वस्तीत पोहोचलो. मुलीच्या आईने दारातच सांगितले, "ताई, कपडे धुऊन टाकले. ते बघवत नव्हतं." मला वाटले, संपले, पुरावा गेला. पंचनाम्याच्या वेळी आमच्यापैकी कुणीच त्या कपड्यांचा विषय काढला नाही. ती आमची चूक होती. धुतलेल्या कपड्यांवरूनही वीर्याचा डीएनए मिळू शकतो, हे मला पुष्कळ नंतर कळले.

आपल्यापैकी अनेक कार्यकर्त्यांना अॅट्रॉसिटी कायद्याची कलमे तोंडपाठ असतात, पण खटला पुष्कळदा अडतो तो सी.ए. रिपोर्टवर. सी.ए. म्हणजे केमिकल अॅनालायझर. मुंबईत कलिना येथे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नांदेड अशा ठिकाणी तिच्या शाखा आहेत. रक्त, वीर्य, लाळ तपासण्याच्या शास्त्राला सिरॉलॉजी म्हणतात.

समजा, आरोपीच्या घरात डाग असलेली कुऱ्हाड सापडली. पहिला प्रश्न, डाग रक्ताचाच आहे का? डाग पुसून घेतलेल्या कापसावर फिनॉल्फ्थॅलीन आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड टाकतात. गुलाबी रंग आला तर रक्त असण्याची शक्यता असते. फक्त शक्यता, कारण काही भाज्यांच्या रसानेही असा रंग येतो. म्हणून पुढे खात्रीची चाचणी करतात, उदाहरणार्थ सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचे विशिष्ट स्फटिक बघणे. दुसरा प्रश्न, रक्त माणसाचे का? गावाकडच्या खटल्यात बचाव ठरलेला असतो, 'बोकड कापला होता'. १९०१ साली पॉल उह्लेनहूथ या जर्मन शास्त्रज्ञाने माणसाचे आणि जनावराचे रक्त वेगळे ओळखण्याची चाचणी शोधली, तेव्हापासून हा बचाव तपासून बघता येतो.

तिसरा प्रश्न सर्वात अवघड, रक्त कुणाचे? त्याच १९०१ साली कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. पण रक्तगटाने माणूस सापडत नाही, फक्त वगळता येतो. कुऱ्हाडीवर 'बी' गटाचे रक्त आहे आणि मृताचा गटही 'बी' आहे, एवढ्याने काय सिद्ध झाले? गावात 'बी' गटाची कितीतरी माणसे असतील, आरोपी स्वतःही त्याच गटाचा असेल. डाग जुना किंवा कुजलेला असेल तर गटही ठरत नाही आणि रिपोर्टमध्ये 'निष्कर्ष काढता येत नाही' असे येते. हे वाचून आपली माणसे हताश होतात. पण त्याचा अर्थ 'रक्त नव्हते' असा होत नाही. अशा वेळी डीएनए तपासणी झाली का, नसेल तर का नाही, हे विचारायला हवे. ब्रिटनमध्ये अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत शोधली. भारतात ती रुजवली हैदराबादच्या डॉ. लालजी सिंह यांनी.

लैंगिक अत्याचारात मात्र सगळे वेळेवर अवलंबून असते. हाथरसचे उदाहरण घ्या. १४ सप्टेंबर २०२० रोजी दलित तरुणीवर हल्ला झाला. नमुने घेतले गेले २२ तारखेला आणि आग्र्याच्या प्रयोगशाळेत पोहोचले २५ तारखेला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा पुरावा साधारण ९६ तासांपर्यंतच मिळण्याची शक्यता असते. अकरा दिवसांनी पोहोचलेल्या नमुन्यात वीर्य सापडले नाही. आणि तेवढ्यावरून १ ऑक्टोबरला उत्तर प्रदेश पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने बलात्कार झालाच नाही असे जाहीर केले! कायद्यात बलात्कारासाठी वीर्य सापडण्याची अट कधीच नव्हती. २०२३ च्या निकालात एकालाच सदोष मनुष्यवध आणि अॅट्रॉसिटीखाली शिक्षा झाली, तिघे सुटले, बलात्कार सिद्ध झाला नाही. खैरलांजीतही पहिल्या शवविच्छेदनावर असेच प्रश्न उभे राहिले होते, आणि निकालात ना बलात्कार आला ना अॅट्रॉसिटी कायदा लागला.

म्हणून घटना कळल्यावर पहिल्या काही तासांत आपण काय करतो, याला फार महत्त्व आहे. पीडितेची तयारी असेल तर अंघोळीआधी वैद्यकीय तपासणी व्हावी. अंघोळ झाली असेल तरी तपासणी टाळू नये, आतल्या भागात पुरावा टिकू शकतो. पोलिसांना माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत तिला डॉक्टरकडे पाठवणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ नुसार बंधनकारक आहे, आणि कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने मोफत उपचार द्यायचे आहेत. 'आधी एफआयआर आणा' असे कुणी म्हटले तर हे कलम दाखवा.

कपड्यांना आपण हात लावू नये. आपल्या हाताचा डीएनए त्यावर जातो आणि न्यायालयात वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. आहेत तिथे राहू द्यावेत, पोलिसांना लेखी कळवावे. धुतलेले असले तरी जप्त करा म्हणावे. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले की बुरशी येते आणि डीएनए नष्ट होतो. ते सावलीत वाळवून, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात सील व्हायला हवा. पंचनामा होताना आपण शेजारी उभे राहिलो तरी कामात फरक पडतो, हा माझा अनुभव आहे. (आणि कृपया, रक्ताचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे.)

त्यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, म्हणून तेच राहून जाते. मुद्देमाल कोणत्या तारखेला जप्त झाला, प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोहोचला, मधले दिवस कुठे होता, हे वहीत लिहून ठेवावे. मुद्देमाल ठाण्यातच पडून असेल तर पोलीस अधीक्षकांना अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. आता माझ्या पिशवीत अशा कोऱ्या अर्जांचे दोन-तीन नमुने कायम असतात.