लग्नाची कॅसेट तबकडीवर कशी उतरवतात?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आपल्या सावर्डे भागात लग्न झाले, की व्हिडिओची कॅसेट घरी येई. पुढे सीडी येऊ लागली. ही मंडळी अजून पेटीत आहेत. पण लावून बघा. कॅसेटला बुरशी आलेली असते. सीडी मध्येच अडकते. कोकणातला पाऊस कोणाला सोडतो? त्या कॅसेटवर आजीचा आवाज आहे. आजी आज नाही. फोटोतून काही आवाज येत नाही. म्हणून कॅसेट वेळीच नव्या तबकडीवर उतरवून घ्यावी.

सीडी म्हणजे प्लास्टिकची गोल तबकडी. ती 12 सेंटिमीटर रुंद असते. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी ती 1982 साली बाजारात आणली, ती गाण्यांसाठी. आपण घरी भरतो त्या कोऱ्या तबकडीत रंगाचा पातळ थर असतो. त्यामागे आरशासारखा धातू असतो. संगणकाला जोडलेल्या यंत्रात लेझर नावाचा बारीक प्रकाशकिरण असतो. तो रंगावर पडला, की तेवढा ठिपका तापून बदलतो. तव्यावरच्या भाकरीला डाग पडतो ना, तसे समजा. तबकडी लावली, की दुसरा मंद किरण तिच्यावरून फिरतो. कोऱ्या जागेवरून प्रकाश चांगला परततो, डागावरून कमी परततो. या खुणा वाचून यंत्र चित्र आणि आवाज उभे करते. ठिपक्यांची ही रेघ आतून बाहेर गोल गोल जाते. सीडीवरची रेघ सरळ केली, तर पाच किलोमीटरहून लांब भरेल!

या कामाला इंग्रजीत ‘बर्न’, म्हणजे जाळणे, म्हणतात. आपला दुकानदार ‘राइट करून देतो’ म्हणतो. काम एकच.

व्हिडिओच्या सीडीवर सुमारे सव्वा तासाचेच चित्र मावते. म्हणून तर एका लग्नाच्या दोन-तीन सीड्या होत. डीव्हीडी दिसायला तशीच, पण तिच्यात सीडीच्या जवळजवळ सातपट माल मावतो. दोन तासांचे चांगले चित्र एकीवर बसते.

आता कृती. कॅसेट लावायचे जुने यंत्र तारांनी संगणकाला जोडतात. मध्ये एक छोटी डबी लागते. कॅसेट तीन तासांची, तर उतरवायलाही तीनच तास. इथे घाई चालत नाही. मग नको तो भाग कापतात आणि डीव्हीडीच्या यंत्राला समजेल अशा साच्यात चित्र बसवतात. हे सांगून करून घ्या. नुसती फाइल टाकली, तर जुन्या यंत्रावर ती लागेलच असे नाही. शेवटी तबकडी भरायची. भरताना वीज गेली, की ती कोरी तबकडी बहुधा फुकट. पावसाळ्यात तर बॅटरीवर चालणारा संगणकच बरा.

काम पुढच्या वर्षावर टाकू नका. कॅसेटची यंत्रे बनवणे 2016 साली बंद झाले. नव्या संगणकांत तबकडीचा कप्पाही बहुधा नसतो. तो वेगळा जोडावा लागतो.

सीडीची चकाकती बाजू सगळे जपतात. पण नाजूक असते ती वरची, छापील बाजू. तिथे धातू अगदी वर असतो. बॉलपेनने नाव लिहू नका, मऊ टोकाचे पेन घ्या. उन्हात ठेवू नका, रंग विटतो. पाखरे हाकायला शेतात टांगाल, तर ती शेतापुरतीच उरेल.

22 जुलै 2021 रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले. पेटीतले सारे चिखलात गेले. म्हणून दोन प्रती करा. एक घरी ठेवा, दुसरी मुंबईच्या चाकरमान्याबरोबर पाठवा. पेनड्राइव्हवरही एक घ्या. तो टीव्हीला सोपा पडतो. मात्र पेनड्राइव्हवरचे एका चुकीच्या बटणाने पुसले जाते. एकदाच भरता येणाऱ्या तबकडीवरचे तसे पुसता येत नाही.

दुकानातून निघण्याआधी तबकडी दुसऱ्या यंत्रावर लावून शेवटपर्यंत बघा. आणि मूळ कॅसेट परत मागून घ्या.